हाल्डा नसेल तर रॅलीला येऊ नका म्हणे!

पद्मिनी_७८ :
परवा इथेच एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "डॅशबोर्डवर हाल्डा नसेल तर क्लासिक गाडी घेऊन टीएसडीला येऊ नये. ब्रँट्झ लावणं म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज." (नवख्यांसाठी: टीएसडी म्हणजे ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, नेमक्या वेळेला पोचायची रॅली. हाल्डा हे त्यातलं अंतर मोजायचं जुनं यांत्रिक मीटर, ब्रँट्झ हे इलेक्ट्रॉनिक.) दोन दिवस गप्प बसलो, आता नाही राहवत.

मीही हौसेने हाल्डाचा ट्विनमास्टर घेतला होता. स्वीडनचा अस्सल माल. सोबत गाडीच्या टायरशी माप जुळवायच्या दातेरी चाकांची एकच जोडी, तीही कुठल्या गाडीची देव जाणे. माझ्या पद्मिनीला रेडियल टायर. यंत्र किलोमीटरमागे १० मीटर जास्त दाखवायचं. ३० किलोमीटरच्या टप्प्यात झाले ३०० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या सरासरीला ३० सेकंद. यंत्र म्हणतं पुढे आहेस, म्हणून मी पाय काढतो आणि कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्यावर, उशिरा पोचतो. सेकंदाला एक गुण कापला. नंतर निमूट ब्रँट्झ बसवला, टायरला जुळणारा आकडा भरला, विषय संपला. आणि हो, नऊवारीवर बूट घालून बायका गिरगावात पाडव्याला बुलेट चालवतात. छान दिसतात.

घाटवाला :
मीच तो सद्गृहस्थ. चाकं न बघता यंत्र घेतलंत हा हाल्डाचा दोष का? चपलेचा नंबर न बघता आणली आणि पाय सोलला म्हणून चांभाराला शिव्या!

हाल्डाचाच स्पीडपायलट वापरलाय कधी? सरासरी लावा, घड्याळाचा काटा आणि अंतराचा काटा एकावर एक ठेवा, बस्स. रात्री खड्ड्यांत आकडे वाचावे लागत नाहीत, नुसता डोळ्याचा कोपरा पुरतो. ट्विनमास्टरला तर वळण चुकलं की खटका दाबून आकडे उलटे फिरवता येतात. तुमच्या प्लॅस्टिकच्या डबीला ती ऐट आहे?

लीसेस्टरकर :
उलटे आकडे ब्रँट्झमध्येही फिरतात हो. इथे इंग्लंडातल्या बऱ्याच ऐतिहासिक रॅलींत जीपीएस वर्ज्य आहे, पण ब्रँट्झला कुणी नाक मुरडत नाही. हाल्डाची खरी गोम वेगळीच. तो स्पीडोमीटरच्या केबलवर चालतो, म्हणजे मागची चाकं चिखलात जागच्या जागी फिरली तरी मोजतो. एकदा शेतातल्या चढावर गाडी अडकली. आम्ही तसूभर हललो नव्हतो आणि हाल्डाने ८० मीटर 'प्रवास' केला. तेव्हापासून ब्रँट्झ, आणि त्याचा सेन्सर पुढच्या चाकाला.

मोबाइलवाला :
एवढं कशाला? जीपीएसचं ॲप टाका की फुकट.

घाटवाला :
खंबाटकीत टाकून बघा. हेअरपिनला ॲप बिंदूबिंदूंमधून सरळ रेघ मारतं आणि अंतर खातं. चला, पुढे.

मैलकुली :
पद्मिनीवाले, हे १० मीटर तुम्ही कशाशी ताडून काढलेत?

पद्मिनी_७८ :
हायवेच्या किलोमीटरच्या दगडांशी. दुसरं काय असतं?

मैलकुली :
वाटलंच! रस्ता रुंद करताना दगड उपटून कडेला टाकले आणि काम झाल्यावर जिथे खड्डा मिळाला तिथे रोवले. आमच्या गावाजवळचे दोन दगड मी ३० मीटरच्या टेपने मोजलेत. मुलगा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, ट्रकवाले हॉर्न मारताहेत. ३१ टेपा आणि वर १० मीटर. ९४० भरले! तुमची चूक हाल्डाची नाही, दगडाची आहे.

पद्मिनी_७८ :
एका दगडावर नाही, १० किलोमीटर धरले होते.

मैलकुली :
मग दोन्ही टोकांचे दगड खरे कशावरून? एक लाल रंगाने रंगवून देव केलाय आमच्याकडे. त्याच्याही अंतराची शंका घ्यायची नाही का?

लीसेस्टरकर :
रेल्वेचे खांब धरा.

मैलकुली :
गाडी रुळांवर चालवता का?

घाटवाला :
बघा! हाल्डाला उगाच फासावर दिला.

नॅव्हिगेटरबाई :
तुम्ही सगळे स्टिअरिंगवाले. ती यंत्रं वाचतं कोण? मी.

दगड खरा की खोटा याने काडीचा फरक पडत नाही. रोडबुक (वळणं आणि अंतरं लिहिलेली आयोजकांची वही) ज्या गाडीने मोजलं तिच्याशी आपली गाडी जुळायला हवी. आयोजक सुरुवातीला कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्र जुळवून घ्यायचा, टप्पा देतात तो यासाठीच. त्यांचा किलोमीटर ९९० मीटरचा असला, तर त्या दिवशी तोच किलोमीटर. पद्मिनीवाले, तो टप्पा तुम्ही चहा पीत घालवलात ना? खरं सांगा.

आणि हौसच करायची तर एकदा कुर्टा फिरवा. (अंगात घालायचा नव्हे, मिरपुडीच्या चक्कीसारखं हाताने फिरवायचं गणकयंत्र.) एकाने दिवसभर वापरायला दिलं होतं. ४१ च्या सरासरीला १०० मीटरचे ८.७८ सेकंद लावायचे, दर १०० मीटरला एक फेरी. ३७ फेऱ्या झाल्या की वर ३२४.८६. म्हणजे ३.७ किलोमीटरला ५ मिनिटं २५ सेकंद, कागद नाही की पेन नाही. तिसऱ्या वळणाला मला उलटी झाली, पण ती यंत्रामुळे नाही, आमच्या 'ह्यांच्या' ब्रेकमुळे.

पद्मिनी_७८ :
चहा नाही, मिसळ होती. ठीक आहे, चूक अर्धी माझी. पाव हाल्डाची.

घाटवाला :
पाव तर पाव! तुम्ही ब्रँट्झ आणा बुवा, अडवत नाही. फोटोच्या वेळी तेवढा नॅपकिन टाका त्याच्यावर.

पद्मिनी_७८ :
बरं, ते ट्विनमास्टर अजून कपाटात आहे. तुमच्याकडे चाकांच्या जास्तीच्या जोड्या आहेत का?

घाटवाला :
आहेत. विकत नाही. रविवारी गाडी घेऊन या, लावून बघू.

मैलकुली :
कुठल्या रस्त्यावर बघणार? टेप माझ्याकडे आहे.