यार्डात वेल्डिंग रोबो आलाय, त्याच्यावर बसू की नको?

खानापूरकर:
मंडळी, मी नंदगडकडचा. गोव्याकडं जहाजं बांधायच्या एका खाजगी यार्डात सोळा वर्षं वेल्डर. महिन्यातून एकदा चोर्ला घाटानं गावी. आता डबल बॉटमच्या, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळाच्या, ब्लॉकसाठी रोबो आणलाय. दोघं मिळून उचलून मॅनहोलमधून आत सोडतो. वायरचं टोक प्लेटला टेकवून जॉइंट स्वतःच शोधतो, मग फिलेट, म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यातला वेल्ड, मारत सुटतो. मे महिन्यात त्या पेटीत बसून धूर मी गिळलाय, त्यामुळं त्याच्यावर राग नाही.

पण परवा फिटरनं स्टिफनर, म्हणजे प्लेटला ताठ ठेवणारी पट्टी, बसवला, एका टोकाला २ मिमी गॅप, दुसऱ्याला ५. पहिला फूटभर वेल्डचा मणी बघत राहावा असा. पुढं सगळा रस गॅपातून पलीकडं. अर्धा दिवस ग्राइंडर माझ्याच हातात. आता मलाच ऑपरेटर करतो म्हणतायत, पगार तोच. काय करू?

उद्यमबागवाला:
भावा, आमच्या शॉपमध्ये रोबो आहे, पण एकच ब्रॅकेट, ते पकडून ठेवायचा साचा म्हणजे जिगही एकच, दिवसभर तेच. जहाजात एक ब्लॉक दुसऱ्यासारखा नसतो. तिथं रोबोला सांगायला वेल्डरच लागणार की. पगाराचं मात्र आधी लिहून घे, तोंडी नको.

निपाणीचा काका:
मी कोरियात होतो, तिथल्या यार्डांत असले उचलून न्यायचे रोबो बरीच वर्षं चालतायत. टॉर्च डुलवताना करंट कमीजास्त होतो, त्यावरून तो जॉइंटच्या मधोमध राहतो. गॅप मोठा झाला की त्यालाही कळेनासं होतं. सांगायचं म्हणजे, भांडण रोबोशी नाही, फिटरशी आहे. २ मिमीपर्यंत ठीक, ३ च्या वर गेला की लेग, म्हणजे वेल्डची रुंदी, वाढवायची, ५ च्या वर गेला तर कड भरून घ्यायची, हे फिटरला माहीत असायलाच पाहिजे. आणि बाळा, उभ्या जॉइंटला करंट किती, वायर किती बाहेर ठेवायची, हे तुझ्या हाताला ठाऊक आहे. इंजिनियर पोराला विचारलंस तर तो नुसता पुस्तकातला आकडा सांगेल.

खानापूरकर:
काका, पटलं. टॅक, म्हणजे तात्पुरते टाके, मारायच्या आधी गॅप मी मोजणार, तरच रोबो आत जाणार, असं सांगितलंय. स्टोअरमध्ये गॅप मोजायचं टेपर गेज मागायला गेलो तर आहे म्हणाले, पण कुलपाची किल्ली कुणाकडं आहे ते उद्या सांगतो म्हणाले.