मुरमाची जुनी खाण दाखवा

'खडक बदलायला लाखो वर्षं लागतात, मुलांना दाखवणार काय?' खडक झिजून त्याची माती कशी होते हे मुलांना दाखवायचं म्हटलं की असं विचारलं जातं; मला ते निम्मंच पटतं. वेळ लागतो खरा, पण देशावर त्या बदलाचे टप्पे एकाच कापात दिसतात. गावाबाहेरची मुरमाची जुनी खाण बघा (घाटातल्या रस्त्याकडेला मुलांना उभं करू नका). तळाशी अभंग काळा कातळ, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. वर भेगाळलेला खडक, मग मुरूम, मग माती.

खरी गंमत मधल्या थरात. भेगांतून शिरलेलं पाणी ठोकळ्याच्या कोपऱ्यांना दोन-तीन बाजूंनी भिडतं, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा गोल गोटा होतो. त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. तांबूस-पिवळे, कारण खडकातलं लोखंड गंजतं. माझ्या भाचीने ते नखाने सोलले, आतला गोटा मात्र हातोडीलाही दाद देईना. 'हे नदीतून वाहत आलेत का?' हा तिचा पहिला प्रश्न. मोठी माणसंही हेच विचारतात. नाही, हे जागच्या जागीच गोल झालेत. शेजारच्या गोट्यांमधल्या भेगा अजून सरळ रेषेत दिसतात.