मदत हवी आहे: देणगीदार कंपनी मुलींची आधार-फोटोसकट यादी मागते आहे, किती माहिती द्यावी?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शाहूपुरीत आमची एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे. करवीर, पन्हाळा, शिरोळ भागातल्या गरजू मुलींची आठवी ते बारावीची फी आणि वह्या-पुस्तकांचा खर्च आम्ही बघतो. त्याच घरात कुणी आजारी पडलं तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून औषधं आणण्यापर्यंत सोबत करतो. पगारी माणूस एकच, तोही अर्धवेळ. बाकी सगळे आपापली नोकरी, दुकान सांभाळून वेळ देणारे. मी सचिव आहे, त्यामुळे कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे.

एका कंपनीने सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून येत्या वर्षाची बरीचशी फी भरायची तयारी दाखवली आहे. आमच्या मानाने रक्कम मोठी आहे. ज्या मुलींना दरवर्षी "पुढच्या वेळी बघू" म्हणावं लागतं त्यांतल्या बऱ्याच जणींची सोय होईल. पण करार करण्याआधी त्यांनी एक एक्सेल शीट भरून मागितली आहे. रकाने असे: मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, पालकांचा मोबाईल, उत्पन्न, घरातलं आजारपण, कौटुंबिक पार्श्वभूमी, फोटो. शिवाय चेकवाटपाचा कार्यक्रम घ्यायचा आणि त्याचे फोटो त्यांना प्रसिद्धीसाठी द्यायचे.

माझं मन अडतंय ते 'आजारपण' आणि 'कौटुंबिक पार्श्वभूमी' या दोन रकान्यांपाशी. आमच्या फायलीत त्या जागी काय लिहिलंय ते मला माहीत आहे. बाप दारू पितो, त्यामुळे फीचे पैसे घरात ठेवता येत नाहीत. आई माहेरी राहते, कोर्टात केस चालू आहे. थोरलीचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत लावून दिलं. ही माहिती बायकांनी आमच्या कार्यकर्तीवर विश्वास टाकून सांगितलेली असते, बऱ्याचदा शेजारीण उठून गेल्यावर. ती कंपनीच्या शीटमध्ये गेली की पुढे किती जणांच्या इनबॉक्समध्ये फिरेल यावर माझा काही ताबा राहणार नाही.

कागद डिजिटल कसे झाले तेही सांगते. २०१९ च्या महापुरात ऑफिसात पाणी शिरलं आणि खालच्या कप्प्यातल्या फायलींचा लगदा झाला. २०२१ ला पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा कार्यकर्त्यांनी आधीच सगळ्या अर्जांचे फोटो काढून ठेवले होते, म्हणून ते वर्ष निभावलं. तेव्हापासून अर्ज आला की फोटो, ही पद्धतच पडली. पुराच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण परवा मी एका मुलीच्या आधार कार्डाच्या प्रती कुठेकुठे असतील ते कागदावर मांडून बघितलं. अर्ज घेणाऱ्या कार्यकर्तीच्या फोनची गॅलरी. व्हॉट्सॲप ग्रुप, म्हणजे त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाचा फोन. सामायिक ड्राईव्ह. खजिनदारांचा घरचा लॅपटॉप. आणि प्रिंट काढायला ज्या झेरॉक्स सेंटरला पाठवलं, त्या दुकानाचा व्हॉट्सॲप, जिथे काउंटरवरच्या संगणकावर गावभरच्या लोकांची आधार कार्डं एकाखाली एक उघडी दिसतात.

अर्ज भरताना शिरोळकडच्या एका आईने मला विचारलं होतं, "ताई, ह्यो कागूद कुनाकुनाकडं जातोय म्हनायचा? गावात कळाय नगो, एवढंच." मी तिला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. ती "बरं" म्हणून सही करून गेली. मुलीची फी ज्या कागदावर अवलंबून आहे त्या कागदावर कुठलीही आई सहीच करणार. म्हणून 'पालकांची संमती घेतली आहे' असं कंपनीला लिहून दिलं तरी माझं समाधान होत नाही.

माझे प्रश्न. सीएसआरसाठी कायद्याने लाभार्थ्यांची एवढी माहिती खरंच लागते का? नवा डेटा संरक्षण कायदा आमच्यासारख्या छोट्या संस्थेला लागू आहे का? मुली अठराच्या आतल्या आहेत, त्यांचं वेगळं काही आहे का? आणि जुने अर्ज, विशेषतः ज्यांना मदत देता आली नाही त्यांचे, किती वर्षं ठेवायचे? कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. कंपनी गमवायची नाही, पण मुलींची माहिती पणाला लावूनही ती मिळवायची नाही.

ताळेबंद:

ताई, मी सीए आहे, काही न्यासांचं ऑडिट करतो.

आधी सीएसआरचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली कंपनीला सीएसआरचा जो तपशील दरवर्षी सरकारला द्यावा लागतो त्यात प्रकल्पाचं नाव, जिल्हा, खर्चाची रक्कम, काम कुठल्या संस्थेमार्फत झालं आणि तिचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक या गोष्टी येतात. विद्यार्थिनीचा आधार क्रमांक किंवा तिच्या घरातलं भांडण त्यात कुठेही नाही. स्वतंत्र परिणाम-मूल्यमापनाची सक्तीसुद्धा ज्यांची सीएसआरची जबाबदारी सरासरी १० कोटी रुपये किंवा जास्त आहे अशाच कंपन्यांना, आणि तीही १ कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांना. ती शीट बहुतेक कुठल्या तरी जुन्या प्रकल्पातून उचललेली असणार. त्यांना नम्रपणे विचारा, कुठला रकाना कशासाठी हवा. बऱ्याच रकान्यांना उत्तर नसेल.

आता डेटा कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. संस्था धर्मादाय आहे म्हणून सूट नाही. निव्वळ कागदी रजिस्टर त्यात येत नाही, पण तुम्ही त्याचा फोटो काढला की ते डिजिटल झालं. अठराच्या आतली व्यक्ती मूल धरली जाते आणि तिच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना विनाविलंब कळवायचं आणि डेटा संरक्षण बोर्डाला ७२ तासांत तपशील द्यायचे. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. आकड्याने घाबरू नका, दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य आणि परिणाम बघितले जातात. पण 'आम्ही लहान' हे उत्तरही चालणार नाही.

सहीबद्दल तुम्हाला जे वाटतंय ते कायद्यालाही मान्य आहे. कलम ६ नुसार संमती मोकळेपणाने दिलेली, बिनशर्त आणि ठरावीक कामापुरती हवी, आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीला ती लागू होते. फी भरायला घरातल्या आजारपणाची गरज नाही, मग त्यावर सही असली तरी उपयोग नाही. आणि त्या शिरोळच्या बाईंचा प्रश्न म्हणजे कलम ११ आहे. आपली माहिती आणखी कुणाकुणाला दिली हे विचारायचा हक्क त्या कलमाने दिलाय. उत्तर देता येईल अशी नोंद तुमच्याकडे हवी.

जुने कागद: आयकराच्या १९६२ च्या नियमांतल्या १७एए प्रमाणे हिशोबाच्या वह्या आणि नोंदी संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून १० वर्षं ठेवायच्या. पैसे कुणाला दिले, कशासाठी दिले, हे त्यात लागतं. म्हणून शक्य तिथे फी थेट शाळा-कॉलेजच्या खात्यावर भरा, पैसे घेणारा म्हणून शाळेचं नाव येतं आणि फीची पावती हाच पुरावा होतो. ज्यांना मदत दिलीच नाही त्यांची आधारची प्रत ठेवायला मला एकही कारण दिसत नाही. ठराव करून निकाल कळवल्यावर नष्ट करा आणि नष्ट केल्याची तारीख रजिस्टरला लिहा.

देणगीदारांचे पॅनही विसरू नका. ३१ मेपर्यंत आयकर खात्याला देणगीदारांचं विवरणपत्र (आतापर्यंतचा फॉर्म १०बीडी) भरताना ती यादी तयार होते आणि मग मेलवर इकडून तिकडे फिरत राहते. तीही तितकीच जपायची.

वॉर्डातली_ताई:

मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलंय. 'आजारपण' हा रकाना सरळ खोडा. त्यावर चर्चासुद्धा नको. त्या घरांत कुणी एचआयव्हीबाधित असेल तर २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ती माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि ती सुरक्षित ठेवायची जबाबदारीही ती बाळगणाऱ्या संस्थेवर येते. टीबी, मानसिक आजार यांचंही तेच धोरण ठेवा. मुलीचं लग्न ठरताना अशी एक ओळ काय करते ते मी बघितलंय.

आम्ही केस नंबर वापरायचो. एका रजिस्टरला नंबर आणि नाव, ते कुलपात. बाकी सगळीकडे फक्त नंबर. औषधाच्या दुकानाला चिठ्ठी गेली तरी नंबरावर. सुरुवातीला कार्यकर्ते कुरकुरतात, नंतर नंबरच तोंडात बसतो. आणि घरची हकिगत लिहायची असेल तर निर्णयाला लागेल तेवढीच लिहा. "फी थेट शाळेत भरावी" एवढं लिहिलं की पुरे. बाप पितो हे फायलीत असायची गरज नाही.

चौकातला:

दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आमच्या मंडळाने पुराच्या वेळी मदत वाटली. एकाच घराने तीन ठिकाणी किट घेतली आणि खरं पाण्यात बसलेलं घर राहिलं. देणगीदार यादी मागतात ती बोगस नावांच्या भीतीने. सगळंच झाकून ठेवलं तर लोक म्हणतील, पैसा गेला कुठं? फोटो नसेल तर पुढच्या वर्षी देणगी कोण देणार? कंपनी दुसरीकडे जाईल, मुलींचंच नुकसान होईल.

कळफलक:

चौकातला यांची भीती खरी आहे, पण आधार नंबरांची यादी मेलवर पाठवून बोगसपणा थांबत नाही. खरे आधार नंबर घालूनही खोटी यादी होते. कंपनीच्या माणसाला ऑफिसात बोलवा, त्याने सांगितलेल्या केस नंबरांच्या फायली समोर उघडा, फीच्या पावत्या शाळेकडून पडताळू द्या. बघायचं, टिपायचं नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. ड्राईव्हवरच्या फोल्डरला 'लिंक असलेला कुणीही' ही सोय असेल तर आजच बंद करा आणि नावानिशी परवानगी द्या. व्यक्तींच्या खासगी जीमेलवर काही नको. नोंदणीकृत संस्थांसाठी गूगलची मोफत सेवा आहे, त्यात संस्थेचे मेल आयडी काढा, माणूस गेला की आयडी बंद करता येतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सगळ्यांना सक्तीचं करा. व्हॉट्सॲपमध्ये मीडिया गॅलरीत सेव्ह होणं बंद करा, नाहीतर ग्रुपमधला फोटो डिलीट केला तरी गॅलरीत आणि तिथून फोटोंच्या बॅकअपमध्ये राहतो. खरं तर आधार ग्रुपवर टाकायचंच नाही हा नियम करा. मूळ कार्ड बघायचं, शेवटचे चार आकडे लिहायचे, कार्ड परत. प्रत लागलीच तर मास्क्ड आधार घ्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

झेरॉक्स सेंटरवर एकच उपाय, ऑफिसात एक साधा प्रिंटर घ्या. कंपनीलाच सांगा, खर्च त्यांनी करावा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री विश्वस्तांची बैठक झाली, त्यात हा धागा वाचून दाखवला.

चौकातला दादा, तुमचं म्हणणं मी गंभीरपणे घेतलंय. हिशोब दाखवायचं आम्ही टाळणार नाही. तालुका, इयत्ता, शाळा, फीची रक्कम आणि नाव झाकलेली पावती, केस नंबरासह, सगळं कंपनीला देऊ. त्यांना ऑफिसात येऊन नाव झाकलेल्या फायली बघता येतील. पण ज्या मुलीला आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर गरीब म्हणून उभं केलं, तिला त्याच रस्त्याने रोज शाळेत जायचं असतं. कार्यक्रम झाला तर तो शाळेला पुस्तकं देण्याचा होईल, मुलींच्या हातात चेक देण्याचा नाही.

आज सकाळी कंपनीच्या बाईंशी फोनवर बोलले. ताळेबंद यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक रकाना कशासाठी असं विचारत गेले. आजारपण, पार्श्वभूमी आणि आधार त्यांनी जागेवरच काढले. जात आणि फोटो याबद्दल वरिष्ठांना विचारून सांगते म्हणाल्या. बोलायला त्या चांगल्या होत्या, शीट त्यांच्याकडे आधीपासूनच आलेली होती.

पालकांसाठी अर्जासोबत द्यायचा मजकूर मी असा लिहिला आहे, यात काही सुटत असेल तर सांगा:

"तुमच्या मुलीचं नाव, इयत्ता आणि फीची पावती संस्थेकडे राहील. आधार कार्ड आम्ही बघून परत देऊ. मदत देणाऱ्यांना मुलीचं नाव कळवणार नाही. फोटो काढायचा झाला तर आधी वेगळं विचारू. नाही म्हणालात तरी फी भरली जाईल. ही माहिती कुणाला दिली हे तुम्ही कधीही विचारू शकता. मदत मंजूर झाली नाही तर तुमचे कागद परत मिळतील आणि आमच्याकडच्या प्रती नष्ट केल्या जातील."

बऱ्याच आयांना वाचता येत नाही, म्हणून कार्यकर्ती हे वाचून दाखवेल, शक्यतो शेजारपाजारचं कुणी नसताना. यावर वॉर्डातली ताईंना एक विचारायचं आहे: वाचून दाखवल्याची नोंद तुम्ही कशी ठेवायचा? नुसता अंगठा घ्यायचा, की साक्षीदार? साक्षीदार गावातलाच घेतला तर ज्याच्यापासून जपायचं त्यालाच सगळं कळतं, तिथे मला मार्ग सुचत नाहीये.