व्हिडिओतला आवाज: आपले अनुभव लिहावेत

शेवंती:
परवा भाच्याच्या साखरपुड्यात नणंदेने सासूबाईंचा थालीपिठाचा जुना व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि आमचे खाते इतरांच्या खात्यांबरोबरच दिसेनासे झाले. ही एक प्रत तेवढी तिच्या फोनमध्ये राहिली होती. खिडकी पाठीमागे असल्यामुळे चित्र काळपट आले आहे, परंतु ओल्या फडक्यावरून थालीपीठ तव्यावर पडतानाचा चुर्र आवाज आणि "भोकं पाड गं, नाहीतर मधे कच्चं राहील" हे सासूबाईंचे बोलणे अगदी स्वच्छ ऐकू येते. कॅमेऱ्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, आवाजाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. ज्यांनी यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामसाठी व्हिडिओ केले आहेत, त्यांनी आवाजाचे आपले अनुभव कृपया लिहावेत.

रानवाट:
आम्ही माणदेशातल्या डाळिंबाच्या बागेत व्हिडिओ करतो. दुपारी वारा सुटला की कॉलर माइकला स्पंजची टोपी असूनही भरभर असा आवाज येतो आणि बोलणे त्यात बुडून जाते. त्यामुळे चित्रीकरण बागेत करायचे आणि निवेदन नंतर, काचा बंद केलेल्या पिकअपमध्ये बसून करायचे, अशी पद्धत आम्ही ठेवली आहे. गाडीतल्या सीटमुळे आणि छताच्या कापडामुळे आवाज घुमत नाही. छाटणीच्या कात्रीचा आवाज मात्र मूळ चित्रीकरणातलाच ठेवतो, कारण तो ऐकून कात्रीला धार आहे की नाही हे शेतकरी ओळखतात आणि खाली तसे स्पष्ट लिहितातही.

कुंदा:
रानवाट, कल्पना उत्तम आहे, परंतु आमच्याकडे गाडी म्हणजे स्कूटर. मी कपाट उघडते आणि साड्यांकडे तोंड करून बोलते. भंगारवाल्याचा भोंगा आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सर माझ्या प्रत्येक व्हिडिओत हजर असतात. श्रेयनामावलीत त्यांची नावे घालावीत, असे मुलगी सुचवते.

चंद्रभागा:
माझा अनुभव कॉपीराइटचा आहे. दिवेघाटात पालखीचे चित्रीकरण करताना शेजारच्या चहाच्या टपरीवर अभंगाचे ध्वनिमुद्रण लागले होते. व्हिडिओ चढवल्यावर यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेने ते ओळखले, आणि जाहिरातींचे उत्पन्न ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जाईल असा दावा लागला. अभंग तुकोबांचा असला, तरी ते ध्वनिमुद्रण कोणाच्या तरी मालकीचे असते, हे घरी समजावून सांगताना माझी दमछाक झाली. असा दावा म्हणजे स्ट्राइक, अर्थात कॉपीराइटभंगाबद्दल चॅनेलला मिळणारी ताकीद, नव्हे. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक लागले तर चॅनेल बंद होऊ शकते, नुसत्या दाव्याने तसे होत नाही. यूट्यूब स्टुडिओत तेवढाच भाग निःशब्द करता येतो, परंतु त्याबरोबर टाळ-मृदंगही गेला असता, म्हणून मी तो तुकडाच कापला.

घुमकं:
हलगीच्या व्हिडिओंची अडचण निराळी आहे. फोन आवाजाची पातळी आपणहून कमी-जास्त करतो. पहिल्या ठोक्याला आवाज फाटतो, मग फोन पातळी एकदम खाली ओढतो आणि साथीचे कैताळ, म्हणजे झांजेसारखे वाद्य, ऐकूच येत नाही. आम्ही वेगळा रेकॉर्डर थोडा लांब ठेवतो, त्याची पातळी हाताने लावतो आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवतो, म्हणजे पुढे चित्र आणि ध्वनी जुळवणे सोपे जाते. गावातली पोरे आता ती टाळीही खेळाचाच भाग समजून वाजवतात.

रानवाट:
टाळीची युक्ती आम्ही उचलणार!

कुंदा:
चंद्रभागाताई, शेजारच्या टीव्हीवरचे मालिकेचे शीर्षकगीत माझ्या निवेदनात हमखास येते. त्यावरही दावा येईल का?

चंद्रभागा:
येऊ शकतो. व्हिडिओ चढवतानाच कॉपीराइटची तपासणी होते. तो आधी खासगी ठेवा, निकाल पाहा आणि मगच सर्वांसाठी खुला करा. किंवा मालिका संपल्यावर बोला.

कुंदा:
ती संपली की दुसरी लागते.