जालिंदरनगरची झेडपी शाळा: मान शाळेचा की एका गुरुजींचा?

माळरान
खेड तालुक्यातल्या (जि. पुणे) जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांपैकी लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. लंडनची 'टी फोर एज्युकेशन' ही संस्था हे पुरस्कार देते. काही वर्षांपूर्वी या शाळेचा पट होता तीन. अख्ख्या शाळेत तीन मुलं! दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गाव पाठीशी उभं राहिलं आणि पट शंभराच्या पुढे गेला.

माझ्या मते हा सगळ्याच झेडपी शाळांचा मान आहे. आमच्या गावात सकाळी साडेसातला इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी येते. झेडपीत पोर घातलं म्हणजे ऐपत नाही, असंच लोक धरून चालतात. ही बातमी वाचून एका घराने जरी पुन्हा विचार केला तरी मला आनंद होईल. तुमचं मत सांगा.

रेवा_के
अभिनंदन, अगदी मनापासून. पण हा मान झेडपीचा नाही, वारे गुरुजींचा आहे. आधी शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यांनीच नावारूपाला आणली. तिथे प्रवेशासाठी पालक ताटकळत असायचे. गुरुजी जालिंदरनगरला गेले आणि आता जालिंदरनगरचं नाव झालं. मग बाकीच्या वाड्यावस्त्यांनी काय करायचं? दर तालुक्याला एक वारे आणायचे कुठून?

शिवाय लोकपसंतीचा पुरस्कार मतदानावर ठरतो. आमच्या भागातही जीव ओतून शिकवणारी माणसं आहेत, पण त्यांच्यासाठी मतं मागायला कोणी नाही.

चौथी_ब
मी २१ वर्षं झेडपीत शिकवते. मतदानाबद्दल रेवाताईंचं म्हणणं मला पटतं. पण जालिंदरनगरमधली 'विषय मित्र' ही पद्धत बघा. एखाद्या विषयात तयार झालेलं मूल दुसऱ्याला शिकवतं. याला वेगळी इमारत लागत नाही की पैसा लागत नाही. माझ्या द्विशिक्षकी शाळेत मी हे करून बघितलंय.

दुसरीतल्या एका मुलीला ४२ वजा १७ काही केल्या जमेना. 'दशकाकडून एक उसना घे' हे मी तिला तीनदा सांगितलं. मग चौथीतला एक मुलगा तिच्याशेजारी उकिडवा बसला. त्याने रबर लावलेला दहा काड्यांचा गठ्ठा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "रबर तूच काढ." तिने काढलं. दहा काड्या सुट्या झाल्या, आधीच्या दोन त्यात मिसळल्या, बारातून सात गेल्या. पुढे आठवडाभर ती प्रत्येक गणिताला आधी गठ्ठा मागायची. तो मुलगा स्वतः तिसरीपर्यंत उसन्यापाशीच अडायचा. म्हणूनच ती कुठे अडली ते त्याला माझ्याआधी कळलं.

रेवा_के
ताई, हे फार सुंदर आहे. पण मला भीती वाटते ती याचीच. मुलंच मुलांना शिकवतात म्हटल्यावर उद्या रिक्त जागा भरायच्याच कशाला, असं कोणी म्हणालं तर?

चौथी_ब
तसं म्हणणाऱ्याने एक दिवस वर्गात येऊन बसावं. कोणाला कोणाशेजारी बसवायचं, चुकीचं सांगितलं जातंय हे कधी ओळखायचं, कधी थांबवायचं, हे सगळं शिक्षकच बघतो. त्यासाठी तो वर्गात तर हवा! पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची (सरकारला द्यायची शाळेची) माहिती, आधार जुळणी, मतदारयादी. दोघांपैकी एक जण यात अडकला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येत नाहीत. सत्कार नंतर करा, आधी आम्हाला वर्गात राहू द्या.

हिशोबी
कटू वाटेल, तरी लिहितो. जालिंदरनगर हा अपवाद आहे. २०२३ मध्ये सरकारनेच २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचं सांगितलं होतं. अशा शाळेत मुलाला वयाची सोबत मिळत नाही, खेळायला संघ होत नाही, गटकार्य होत नाही. आसपासच्या अशा लहान शाळा एकत्र करून तोरणमाळ, पानशेतसारख्या समूह शाळा काढाव्यात, येण्याजाण्याला गाडी द्यावी, तिथे पुरेसे शिक्षक द्यावेत. एका शाळेच्या कौतुकापायी हजारो मुलांना चार भिंतींत एकटं ठेवणं मला योग्य वाटत नाही.

माळरान
हिशोबी, सोबतीचा मुद्दा मी नाकारत नाही. पण तुमच्या हिशोबाने जालिंदरनगरच बंद झाली असती! पट तीन होता. आज जिचं आपण कौतुक करतोय ती शाळा समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत विलीन करण्याच्या, यादीत पहिली गेली असती. आणि गाडीचं म्हणाल तर आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद होतो. त्या दिवसांत आधी मुली घरी बसतात. पहिलीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, असा नियम आहे, तो उगीच नाही.

हिशोबी
मग किती वर्षं वाट बघायची? पाच? दहा?

चौथी_ब
दोन शिक्षक पूर्ण वेळ वर्गात द्या आणि तीन वर्षं थांबा. नाही वाढला पट तर गावाला बसवून विचारा, मी आड येणार नाही. आज बहुतेक ठिकाणी आधी शिक्षक काढतात आणि मग पट घटला म्हणतात.

रेवा_के
हे मात्र मान्य. गुरुजींची बदली झाल्यावर शाळा कशी चालते ते बघायचं आहे, तोवर मी माझं मत राखून ठेवते. ताई, विषय मित्रासाठी वेळ कोणती ठेवता? आमच्या वस्तीवरच्या शाळेत विचारून बघते.

चौथी_ब
जेवणाच्या सुट्टीनंतर ४० मिनिटं. सुरुवातीला फक्त गणित घ्या, आणि जो स्वतः कधीतरी अडला होता त्याला आधी निवडा. काड्या खराट्याच्या चालतात, सोलून घ्या म्हणजे हाताला टोचत नाहीत.