मदत हवी आहे : नांदूर मध्यमेश्वरला दिवसभरासाठी पाठपिशवीत काय घ्यावे?

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात नाशिकहून पहाटे निघून निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात संध्याकाळपर्यंत थांबण्याचा विचार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली हे योग्यच झाले. मात्र दिवसभर रानात कसे वावरावे, याबाबत जुन्या शिकाऱ्यांची शिस्त पक्षीनिरीक्षकांनाही उपयोगी पडते, असे मला वाटते. मळकट खाकी कपडे, आवाज न करणारी कापडी पिशवी आणि हाताशी लागणारी वस्तू वरच्या कप्प्यात, एवढे मी त्यांच्याकडून उचलले आहे.

खरी अडचण दुर्बिणीची आहे. ८×४२ की १०×५० घ्यावी (पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा), हे ठरत नाही. दहापट मोठे दिसणे मोहाचे असले, तरी हात थोडा जरी हलला तरी पाण्यावरचे बदक नजरेतून निसटते आणि दुपारपर्यंत मान अवघडते. शिवाय ८×४२ मध्ये दृश्याचा आवाका अधिक मिळतो. तिपाई सोबत न्यावी का?

दुसरा प्रश्न कपड्यांचा. निफाडची पहाट हाडे गोठवणारी, तर दुपारी काठावर ऊन चांगलेच लागते. अशा वेळी जाड स्वेटर घ्यावा की पातळ कपड्यांचे दोन-तीन थर चढवावेत?

खाण्याची चिंता नाही, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुरेशी आहे. पिशवीचे एकूण वजन किती असावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.