ओपन इलेक्टिव्ह घेताना ‘सोपा कुठला?’ एवढंच का विचारतात?

मास्तर_सांगली : मी कॉमर्सला शिकवतो. नवीन शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह (ओई) म्हणून आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावा लागतो. बीएससीची मुलं फॉर्म भरायला येतात आणि पहिला प्रश्न एकच, ‘सर, स्कोअरिंग कुठला?’ विषयात काय आहे, हे कुणी विचारत नाही. अर्थनियोजनात गणितं आहेत म्हणून तो वर्ग अर्धा रिकामा. जी मुलं आली, त्यांनी गाडीच्या कर्जाचं एक गणित केलं: फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर, १० टक्के व्याज, मुदत ३ वर्षं. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवर, मांडलं तर दर निघाला जवळपास १८ टक्के. एका मुलाने तिथेच घरी फोन लावला. हे सोडून गाईडवर सुटणारा पेपर घ्यायचा?

तन्वी_एसवायबीएससी : सर, राग मानू नका, पण सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे भारांक, असतात. मेजर म्हणजे मुख्य विषय, व्हीएससी-एसईसी हे कौशल्याचे, एईसी भाषेचा, वर प्रॅक्टिकल आणि जर्नलं. माझा जीव केमिस्ट्रीत आहे, वेळ तिथेच जायला हवा. ऑनर्स विथ रिसर्चला, म्हणजे चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी घ्यायला, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. काठावरच्या मुलीने ओईमध्ये मार्क का घालवायचे? मी आळशी नाही, कशाला किती वेळ द्यायचा ते ठरवते.

मास्तर_सांगली : तन्वी, हिशेब करून बघ. तीन वर्षांच्या १३२ क्रेडिटांत ओईचे जास्तीत जास्त १२. ओईच्या सगळ्या पेपरांत १० पैकी ७ ऐवजी ९ ग्रेड पॉइंट मिळाले, तरी सीजीपीए, म्हणजे एकूण सरासरी, वाढतो ०.१८ ने. तेवढ्यासाठी १२ क्रेडिट, म्हणजे १८० तास, नावडत्या वर्गात काढणार?

तन्वी_एसवायबीएससी : ७.३५ वर अडकलेल्याला ७.५ गाठायला ०.१८ म्हणजे सगळंच आहे, सर. आणि सोपा विषय नावडताच असतो असं कुठंय? मी संगीत घेतलं, मनापासून शिकतेय.

रानपाखरू : तुमचं दोघांचं भांडण शहरातलं आहे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात यादीत पाच विषय, शिकवायला माणसं दोन विषयांची, तीही तासिका तत्त्वावर. मुलं सोपा निवडत नाहीत हो, जो वर्ग भरतो तो घेतात. प्राध्यापक भरती आधी करा, मग मुलांना बोल लावा.

पालक_नाशिक : भरतीचं पटलं. पण पर्याय असलेल्या ठिकाणी मी सरांच्या बाजूने. मुलं सीनियरला विचारून फॉर्म भरतात, अभ्यासक्रम उघडूनही बघत नाहीत. पहिले आठ दिवस दोन-तीन वर्गांत बसू द्या, मग नाव नोंदवून घ्या. कॉलेजला एवढं जमायला हरकत नाही.

तन्वी_एसवायबीएससी : हे केलंत तर मी अर्थनियोजनाच्या तासाला नक्की बसेन. पण शेवटी पुन्हा संगीतच घेतलं, तर आळशी म्हणायचं नाही.